व्हिसा आला, पण कोणाच्या नावावर?

परदेशी नोकरीचं पत्र आलं की घरात आनंदीआनंद होतो. पण मालकाने व्हिसा काढून दिल्याशिवाय जी नोकरी करताच येत नाही, तिच्यात पगाराबरोबर परदेशातला मुक्कामही त्याच मालकाच्या हाती जातो. एजंटच्या हातावर पैसे ठेवण्याआधी हा व्यवहार साऱ्या घराने समजून घ्यायला हवा.

दुर्ग-भिलाई या जोडशहरात बोरसी नावाची वस्ती आहे. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालं की सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागतं. मग फंडाच्या पैशातून अशाच एखाद्या वस्तीत चार खोल्यांचं घर उभं राहतं. पुढे अंगणात तुळस, मागे मोरीजवळ कढीपत्ता. अशाच एका घरातली संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा.

वडिलांची तीस वर्षं भट्टीच्या धगीत गेलेली. थोरली मुलगी इंजिनिअर होऊन अमेरिकेत आहे. धाकटा आयटीआय करून फिटर झाला, दोन-तीन ठिकाणी कंत्राटी काम केलं, पण कायमची नोकरी काही लागली नाही. आज त्याच्या मोबाइलवर एका आखाती देशातल्या कंपनीचं ‘ऑफर लेटर’ आलंय. पगाराचा आकडा इथल्यापेक्षा तिप्पट. मुंबईचा एजंट म्हणतो, दीड लाख रुपये लागतील, आठ दिवसांत भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. आई म्हणते, “माझ्या पाटल्या काय लॉकरमध्ये ठेवूनच द्यायच्या आहेत का?” वडील मुदतठेव मोडण्याचा हिशेब करतात. शेजारचे काका कुंपणावरूनच सांगतात, “मौका हाथ से मत जाने देना!”

तेवढ्यात अमेरिकेहून मुलीचा फोन येतो. सगळं ऐकून ती एकच विचारते, “बाबा, व्हिसा कोण काढतंय? कंपनी की एजंट? आणि व्हिसावर कोणाचं नाव आहे?”

यावर घरात कोणापाशीच उत्तर नसतं.

हे घर कल्पनेतलं आहे, पण प्रसंग मुळीच काल्पनिक नाही. बोरसीत घडतो, तसाच तो गोंदियात, रत्नागिरीत, सांगलीत आणि सोलापुरातही घडतो. परदेशी नोकरीचं पत्र आलं की चर्चा होते ती पगाराची, विमानाच्या तिकिटाची, थंडीच्या कपड्यांची. ज्या एका कागदावर मुलाचं तिथलं सारं आयुष्य अवलंबून असतं, तो कागद मात्र शेवटी पाहिला जातो.

परदेश भिलाईला नवा नाही

भिलाईचं परदेशाशी नातं जुनं आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत युनियन यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला. चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं. त्या काळात रशियन तंत्रज्ञ बायकामुलांसह इथे राहिले आणि इथले इंजिनिअर प्रशिक्षणासाठी तिकडे गेले. पण त्या येण्याजाण्याला दोन सरकारांचा करार होता. घराबाहेर पडणाऱ्याला एजंट शोधावा लागत नव्हता की पाटल्या गहाण ठेवाव्या लागत नव्हत्या.

छत्तीसगडात मराठी कुटुंबं नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून आहेत. पुढे रेल्वेने आणि कारखान्याने त्यांच्यात भर घातली. या घरांनी मुलांच्या शिक्षणाला कायम पहिलं स्थान दिलं. मुलं शिकली, पण वडिलांना मिळाली तशी आयुष्यभराची नोकरी आता गावात सहजी मिळत नाही. म्हणून एक मूल पुण्या-बंगळुरात आणि दुसरं परदेशाच्या वाटेवर, असं चित्र घरोघरी दिसतं. आज जाणारा एकटा जातो. त्याच्यामागे ना सरकारचा करार असतो, ना कारखान्याचं पत्र. असतो तो फक्त ‘स्पॉन्सर’.

हा स्पॉन्सर म्हणजे कोण?

परदेशात काम करायचं तर त्या देशाचा कामाचा परवाना लागतो. बहुतेक देशांत तो उमेदवाराला स्वतःहून मागता येत नाही. तिथल्या मालकाने सरकारकडे जाऊन सांगावं लागतं, की मला हा माणूस या कामासाठी, इतक्या पगारावर हवा आहे आणि त्याची जबाबदारी माझी. याचंच नाव स्पॉन्सरशिप. परवाना त्या मालकापुरता आणि त्या कामापुरता असतो. म्हणजे नोकरी आणि मुक्काम ही दोन्ही ओझी एकाच खुंटीला टांगलेली. खुंटी निघाली की दोन्ही खाली येतात.

इथून शेकडो अर्ज पाठवूनही उत्तर का येत नाही, याचं कोडंही इथेच सुटतं. परदेशी कंपन्यांच्या अर्जात एक प्रश्न हटकून असतो: ‘तुम्हाला आज किंवा पुढे स्पॉन्सरशिपची गरज लागेल का?’ ‘हो’ म्हटलं की बरेच अर्ज तिथेच बाजूला पडतात. मुलाला वाटतं, आपले गुण कमी पडले, इंग्रजी कमी पडलं. खरं कारण बहुधा वेगळं असतं. परदेशी माणूस आणायचा तर मालकाला सरकारी फी भरावी लागते, वकील लावावा लागतो, ठरलेल्यापेक्षा कमी पगार देता येत नाही आणि महिनोन्‌महिने थांबावं लागतं. दारातला माणूस सोमवारी कामावर येत असेल, तर साता समुद्रापलीकडच्या माणसासाठी एवढा खटाटोप छोट्या कंपन्या सहसा करत नाहीत.

म्हणूनच उलट्या बाजूनेही सावध व्हायला हवं. जी गोष्ट मिळवणं चांगल्या शिकलेल्या माणसालाही इतकं कठीण, ती एखादा अनोळखी एजंट मुलाखतीशिवाय, आठ दिवसांत, पैसे घेऊन द्यायला निघतो तेव्हा त्यात काहीतरी पाणी मुरत असतं.

कफील म्हणजे जामीन

आखाती देशांत या पद्धतीला ‘कफाला’ म्हणतात आणि मालकाला ‘कफील’. कफील म्हणजे जामीन राहणारा. कल्पना अशी, की परक्या माणसाचा जामीन तिथल्या नागरिकाने किंवा कंपनीने घ्यायचा. पण व्यवहारात जामिनाचा धनी व्हायला वेळ लागला नाही. नोकरी बदलायची तर कफीलची परवानगी. काही देशांत सुट्टीवर घरी यायचं तरी कफीलची परवानगी. त्यात पासपोर्टही मालकाच्या कपाटात. कायद्याने तसं करता येत नाही, तरी ती रीत पडून गेलेली.

याचे परिणाम काय होतात, हे २०१६ साली साऱ्या देशाने पाहिलं. सौदी अरेबियात तेलाचे भाव पडल्याने बांधकामं थांबली. ‘सौदी ओजेर’ या बड्या कंपनीसह काही कंपन्यांनी महिनोन्‌महिने पगार दिले नाहीत. हजारो भारतीय कामगार छावण्यांत अडकले. कॅन्टीन बंद पडलं आणि जेवणाचे वांधे झाले. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी जेद्दाहच्या भारतीय वकिलातीमार्फत अन्न पुरवण्याची व्यवस्था केली, राज्यमंत्री व्ही. के. सिंह स्वतः तिकडे गेले. या कामगारांपुढे दुहेरी पेच होता. मालक पगार देत नव्हता आणि मालकाच्या संमतीच्या कागदाशिवाय देशही सोडता येत नव्हता. शेवटी सौदी सरकारने खास सवलत दिली, तेव्हा अनेकजण थकलेल्या पगाराचा दावा मागे ठेवून घरी परतले. मुलगा सुखरूप आला म्हणून आयांनी देव पाण्यातून काढले, पण कर्ज तसंच राहिलं होतं.

त्यानंतर बरंच बदललं, हेही सांगायला हवं. कतारने २०१८ साली बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली, २०२० साली नोकरी बदलताना जुन्या मालकाचं ‘ना हरकत’ पत्र आणण्याची अट काढली आणि मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन लागू केलं. ओमानने जानेवारी २०२१ पासून ‘ना हरकत’ पत्राची अट सोडली. सौदी अरेबियात मार्च २०२१ पासून करारातलं एक वर्ष भरलं की नोकरी बदलण्याची वाट खुली झाली. मात्र घरकाम करणारे, घरगुती ड्रायव्हर, माळी, शेतावरचे मजूर आणि मेंढपाळ यांना या सवलतीतून वगळलं. ज्यांना संरक्षणाची सर्वात जास्त गरज, तेच बाहेर राहिले.

आणि चाक उलटही फिरतं. कुवेतने १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातल्या परदेशी कामगारांना देशाबाहेर जाण्यापूर्वी मालकाकडून मंजुरी घेणं सक्तीचं केलं. म्हणूनच ‘माझा मावसभाऊ दहा वर्षं तिथे आहे, त्याला काही त्रास नाही’ एवढ्यावर विसंबून चालत नाही. नियम देशागणिक वेगळे असतात आणि ते बदलत राहतात.

राहायची जागाही मालकच देतो, याकडेही लक्ष हवं. १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली. हवाई दलाच्या विमानाने ४५ भारतीयांचे मृतदेह मायदेशी आणले. ‘राहणं-खाणं फुकट’ हे शब्द करारात वाचून आपण खूश होतो. एका खोलीत किती माणसं आणि बाहेर पडायला जिने किती, हे कोणी विचारत नाही.

अमेरिकेतले साठ दिवस

कफालाचं दुखणं मजुरांचं, सुशिक्षितांचा त्याच्याशी काय संबंध, असं वाटण्याचा संभव आहे. पण अमेरिकेतल्या इंजिनिअरचा ‘एच-वन-बी’ व्हिसाही कंपनीच्याच नावाने निघतो. १९९० सालच्या कायद्याने सुरू झालेला हा व्हिसा भारतीयांच्या इतका अंगवळणी पडला, की २०२४ या अमेरिकी आर्थिक वर्षात मंजूर झालेल्या अर्जांपैकी सुमारे ७१ टक्के अर्ज भारतात जन्मलेल्यांचे होते.

नव्या व्हिसांची वर्षाची मर्यादा ६५ हजार, शिवाय अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार. मागणारे त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे मार्चमध्ये कंपनीने नाव नोंदवायचं, मग चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड व्हायची आणि नशिबाने नाव निघालं तर ऑक्टोबरपासून काम, अशी रीत पडली. २०२५ सालच्या मार्चमध्ये सुमारे ३ लाख ४४ हजार पात्र नोंदण्या झाल्या आणि निवड झाली सुमारे १ लाख २० हजारांची. निवड झालेले सगळेच पुढे अर्ज भरत नाहीत, म्हणून मर्यादेपेक्षा जास्त नावं काढली जातात. तरीही तिघांतल्या दोघांच्या पदरी निराशाच. त्यांत शिक्षणासाठी डोक्यावर कर्ज घेऊन गेलेली मुलंही असतात. पदवीनंतर ठरावीक काळ त्यांना काम करता येतं. तेवढ्या अवधीत नाव निघालं नाही, तर कर्जाचे हप्ते रुपयांच्या पगारातून फेडायची वेळ येते.

१९ सप्टेंबर २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलर भरण्याची अट घातली. त्या वेळच्या दराने ही रक्कम सुमारे ८८ लाख रुपये होते. बारा महिन्यांसाठी म्हणून काढलेला हा हुकूम कोर्टातही गेला. पण भारतात बसून अर्ज करणाऱ्या मुलामुलींना जो निरोप मिळायचा तो मिळाला. इतके पैसे ओतून कंपनी कोणाला बोलावणार?

आणि ज्यांना व्हिसा मिळाला आहे, त्यांचं काय? नोकरी गेली तर नवा स्पॉन्सर शोधायला, व्हिसाचा प्रकार बदलायला किंवा देश सोडायला साधारणपणे जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. हा नियम २०१७ पासूनचा. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ मध्ये बड्या संगणक कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसं कमी केली, तेव्हा या साठ दिवसांचा अर्थ कळला. मुलांची शाळा अर्धवट, घराचं भाडं बांधलेलं, गाडीचं कर्ज डोक्यावर, आणि भिंतीवरचं कॅलेंडर रोज एक दिवस कमी करतंय.

नवराबायको दोघांचा मुक्काम एकाच्या नोकरीवर, ही यातली आणखी एक गाठ. ‘एच-फोर’ व्हिसावर गेलेल्या बायकोला सरसकट काम करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्याला पोचला, तर २०१५ पासून तिला परवाना मागता येतो. इथे डॉक्टर, सीए, प्राध्यापिका असलेली सून तिथे वर्षानुवर्षं घरात बसते. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे, की आईवडिलांबरोबर लहानपणी गेलेली मुलं एकवीस वर्षांची होऊन त्यांच्या व्हिसातून बाहेर पडतात आणि त्यांना स्वतःसाठी नवा व्हिसा शोधावा लागतो.

बोरसीच्या त्या घरातली मुलगी फोनवर हे सगळं कधी सांगत नाही. आई विचारते, “दिवाळीला येतेस ना?” ती म्हणते, “बघू गं, रजा मिळाली तर.” रजा मिळते, पण व्हिसाचा शिक्का नव्याने घ्यायला वकिलातीत जावं लागेल आणि तारीख वेळेवर मिळाली नाही तर नोकरी धोक्यात येईल, हे सांगून आईची झोप कशाला उडवायची?

सर्टिफिकेटचा बाजार

इंग्लंडमध्ये मालकाला आधी सरकारकडून स्पॉन्सरचं लायसन्स घ्यावं लागतं आणि मग तो उमेदवाराला ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ देतो. २०२२ च्या फेब्रुवारीत वृद्धांची सेवा करणाऱ्या ‘केअर वर्कर’साठी ही वाट मोकळी झाली आणि केरळपासून पंजाबपर्यंत एजंटांची दुकानं लागली. सर्टिफिकेट लाखो रुपयांना विकली गेली. तिकडे गेल्यावर कित्येकांना कळलं, की सांगितलेले कामाचे तासच नाहीत, कुठे तर कामच नाही.

ब्रिटिश सरकारने जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात या क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांची लायसन्सं रद्द केली. त्या मालकांच्या नावावर ३९ हजारांहून अधिक कामगार आलेले होते. गुन्हा मालकाचा, पण नवा स्पॉन्सर साठ दिवसांत शोधण्याची पाळी कामगारावर. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच बंद झालं आणि कुशल कामगाराच्या व्हिसासाठी वर्षाच्या पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा ४१,७०० पौंडांवर गेली. आज कोणी ‘लंडनला केअर वर्करचा व्हिसा काढून देतो’ म्हणत पैसे मागत असेल, तर तो बंद झालेल्या गाडीचं तिकीट विकतो आहे.

याहूनही भयंकर फसवणूक आग्नेय आशियात झाली. थायलंडमध्ये ‘डेटा एन्ट्री’ची नोकरी सांगून तरुणांना म्यानमारच्या सीमेवर नेलं गेलं आणि डांबून ठेवून सायबर फसवणुकीच्या कामाला जुंपलं गेलं. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी अशा ५४९ भारतीयांना थायलंडमार्गे परत आणलं. ही पोरं अडाणी नव्हती. संगणक येत होता, म्हणूनच त्यांना निवडलं होतं.

दहावी पास झाला आणि छत्रीबाहेर गेला

आपल्याकडे परदेशी जाणाऱ्या कामगारांसाठी १९८३ सालचा उत्प्रवास कायदा आहे. माणसं परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो. उमेदवाराकडून घेता येणारी फी जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढीच आहे, आणि तिची पावती द्यावी लागते. बोरसीच्या त्या घरात मागितलेले दीड लाख या एका नियमानेच संशयास्पद ठरतात.

दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असं छापलेलं असतं. असा माणूस आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत कामाला निघाला, तर त्याला उत्प्रवास संरक्षकाची, म्हणजे ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ कार्यालयाची मंजुरी लागते. मालकाचा करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी यंत्रणेत नोंदवला जातो. ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’चा १० लाखांचा विमा सक्तीचा असतो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये, म्हणजे दोन माणसांच्या हॉटेलातल्या जेवणाएवढा.

आता गंमत पाहा. आपला फिटर दहावी पास आहे, म्हणून त्याला ही मंजुरी लागतच नाही. शिकलेला माणूस आपलं हित स्वतः पाहील, असं कायद्याने गृहीत धरलं. त्यामुळे करार तपासणारं कोणी नाही, विमा सक्तीचा नाही आणि तो कुठल्या कंपनीत गेला याची सरकारदरबारी नोंदही नाही. अशा पासपोर्टवाल्यांनाही या १८ देशांत नोकरीला जाताना नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाला होता. पण ओरड झाल्यावर त्याच महिन्यात तो स्थगित झाला. स्वेच्छेने मात्र अशी नोंदणी करता येते आणि प्रत्येक घराने ती आग्रहाने करून घ्यावी.

‘व्हिजिट व्हिसा’ची पळवाटही अशीच घातक. ‘आधी फिरायच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ,’ असं सांगितलं जातं. पण त्या व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. पगार थकला, हात मशिनमध्ये सापडला, तर तक्रार कुठल्या तोंडाने करणार? तक्रारदार स्वतःच गुन्हेगार ठरतो.

घरात बसून करता येणारी चौकशी

परदेशाची चौकशी म्हणजे कुणी मोठ्या ओळखीचा माणूस हवा, असा एक समज आहे. प्रत्यक्षात बरीचशी माहिती घरातल्या मोबाइलवर मिळते. एजंटाचा परवाना खरा की खोटा, तो कधीपर्यंत चालू आहे, हे ई-मायग्रेटवर दिसतं. इंग्लंडमधल्या लायसन्सधारक मालकांची यादी तिथल्या सरकारने सर्वांसाठी खुली ठेवली आहे. त्या देशातल्या भारतीय वकिलातीला ईमेल करून कंपनीबद्दल विचारता येतं. ‘प्रवासी भारतीय सहायता केंद्रा’चा १८००-११-३०९० हा टोल-फ्री नंबर आहे. परदेशात अडचणीत आलेल्यांच्या तक्रारींसाठी २०१५ पासून ‘मदद’ हे पोर्टल आहे.

चौकशी करणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. मुलीचं स्थळ आलं तर आपण मुलाच्या आत्याच्या शेजाऱ्यापर्यंत जाऊन माहिती काढतो. मुलाचा पासपोर्ट ज्याच्या हाती जाणार, त्या मालकाचं पूर्ण नावही न विचारता दीड लाख द्यायचे, हा कुठला हिशेब?

अर्थात, हे वाचून परदेशाचं नावच टाकावं असं नाही. आखातातून आलेल्या पैशांनी कोकणात किती घरांवर स्लॅब पडले, बहिणींची लग्नं झाली आणि कर्जं फिटली, हे सर्वांना ठाऊक आहे. चांगला मालक भेटला तर फिटरचा पोरगा पाच-सात वर्षांत घर उभं करून परत येतो. फरक पडतो तो मालकामुळे आणि करारामुळे. म्हणून ‘कोणता देश?’ या प्रश्नाच्या आधी ‘कोणाकडे?’ हा प्रश्न यायला हवा.

पुन्हा बोरसीच्या घरात येऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा एजंटला फोन लावतो आणि ताईने लिहून दिलेले प्रश्न एकेक करून विचारतो. कंपनीचं पूर्ण नाव काय? तुमचा परवाना क्रमांक काय? व्हिसावर काम फिटरचंच लिहिलंय का? पैशांची पावती मिळेल का? चौथ्या प्रश्नाला एजंटचा आवाज चढतो. “तुम्हाला जायचंय की वकिली करायचीय?”

मुलगा फोन ठेवतो. वडील चष्मा पुसत विचारतात, “काय म्हणाला रे?”

“बाबा, याच्याकडून नाही जायचं. परवानेवाले एजंट कोण कोण आहेत ते बघतो. उशीर लागेल थोडा.”

“लागू दे,” वडील म्हणतात. आत आई पाटल्यांची डबी पुन्हा कपाटात ठेवते. मुलगा जाणार आहेच. पण कोणाकडे जातोय, ते घराला कळल्यावर.

सही करण्यापूर्वी एवढं पाहा

• व्हिसा कोणत्या मालकाच्या नावाने आहे? करारातलं आणि व्हिसावरचं नाव एकच आहे का?

• व्हिसावर लिहिलेलं काम आणि सांगितलेलं काम सारखंच आहे का? ‘फिटर’ म्हणून निवड आणि व्हिसा ‘मजूर’ किंवा ‘घरकाम’ असा असेल तर थांबा.

• नोकरी गेली तर तिथे किती दिवस राहता येईल? मालक बदलता येतो का, आणि कधी?

• मूळ पगार किती आणि ओव्हरटाइम धरून किती? परतीचं तिकीट कोणाचं? दवाखाना कोणाचा?

• एजंटाचा परवाना ई-मायग्रेटवर स्वतः पाहा. फी ३० हजार रुपये अधिक जीएसटीपेक्षा जास्त नको, आणि पावतीशिवाय एक रुपयाही नको.

• ‘व्हिजिट व्हिसा’वर कामाला जाऊ नका.

• पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या प्रती घरी ठेवा. मालकाचा पत्ता, फोन आणि भारतीय वकिलातीचा नंबर आईच्या फोनमध्येही असू द्या.

• सक्ती नसली तरी विमा आणि नोंदणी यांची चौकशी करून ती जरूर करा.